देवीच्या भिंतीवरचे ओरखडे

ती केस आठवली की आजही डोकं तापतं, आणि पहिला राग माझा माझ्यावरच येतो.

आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीत देवीचं लहानसं देऊळ आहे. आतल्या भिंतींवर जुनी रंगीत चित्रं होती: महिषासुराला मारणारी देवी, घोडेस्वार, मोर. पुरातत्त्व खात्याचे लोक ती बघायला येणार, त्याच आठवड्यात देवस्थान कमिटीचे अध्यक्ष फिर्याद घेऊन माझ्या ठाण्यात आले. चित्रं चोरीला गेली, देवळाची किल्ली एकट्या गुरवाकडे, संशय त्याच्यावरच.

अध्यक्षांना मी खुर्ची दिली, चहा मागवला. साठीच्या गुरवाला फरशीवर बसवलं आणि जबाब घेताना कानफटात मारली. तो एवढंच म्हणाला, "साहेब, म्या न्हाई इकली." त्याला कोठडीत टाकलं. त्याच दिवशी गावानं बैठक घेऊन त्याची पिढीजात पूजा काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको ठाण्यात आली. "चित्रं चोरीला न्हाई गेली साहेब. राईत हायेत. चला, दावते."

तिकडं देवाची वस्तू उकिरड्यावर टाकत नाहीत, देवराईत नेऊन ठेवतात. हिरड्याच्या झाडाखाली दोन गोण्या होत्या. आत गिलाव्याचा भुगा. एका खपलीवर देवीचा डोळा शाबूत होता. मी हात घातला तशी ती म्हणाली, "राईतलं भायेर नेत न्हाईत." पंचनामा तिथंच केला.

"हे कुणी केलं?"

"कमिटीनं. टाईल लावायच्या व्हत्या. भुगा आमच्या ह्यांनी गोळा केला. बोललास तर पूजा काढू, असा दम दिलता. आता पूजा काढलीच, मग मी कशापायी गप बसू?"

अध्यक्षांना बोलावलं, या वेळी उभंच ठेवलं. घटकाभरात कबूल झाले. वर मलाच ऐकवतात, "देवीचं चांगलंच करत व्हतो साहेब. भिंती लई काळ्या पडल्यात्या. खात्याचं पत्र आलं आन् घाबरलो." म्हणजे देवीला घासून काढायचं आणि गरिबाला चोर ठरवायचं! खोट्या फिर्यादीची कारवाई मी त्याच दिवशी सुरू केली.

पण माझं काय? चोर चित्र गिलाव्यासकट अख्खं कापून नेतो, तारेच्या ब्रशनं घासत बसत नाही. भिंतीवरचे ब्रशचे ओरखडे देवळातल्या पहिल्या पंचनाम्यात मीच लिहून घेतले होते. खुर्ची कुणाला द्यायची हे ठरवलं, तिथंच माझा तपास संपला होता.

गुरवाला सोडताना सगळ्या स्टाफसमोर हात जोडले. म्हणालो, "बाबा, चुकलो."

तो म्हणाला, "मारलंत त्याचं काय न्हाई साहेब. पर तुमी देवळात आलता, तवा भिंतीकडं नीट बघितलं असतंत तर बरं झालं असतं."