ताणावरचं कापड

आमच्या आणि यशपालच्या घरात एकच भिंत, तीही पत्र्याची. त्यामुळे त्यांचं ते भांडण ऐकायला मला कान लावावा लागला नाही. ताट पुढ्यात घेऊन बसले होते, ते तसंच राहिलं.

यशपाल एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर कामाला. बायको शुभदा घरी टॉवेलच्या कडा शिवायची. शिवणाचे पैसे तिनं लेकीच्या, प्रतिक्षाच्या नर्सिंगसाठी साठवलेले. कारखान्यात कुणीतरी यशपालला सांगितलं, अमुक शेअर चढतोय, घे. यानं ते पैसे त्यात घातले. चार दिवस चढला खरा. तेवढ्यात यानं मोबाईलवर फायदा बघून गल्लीला चहा पाजला, मोटारसायकल ठरवून आला. मग तो शेअर असा आपटला की विचारू नका. हा मात्र आज ना उद्या उठेल म्हणून वरून ओततच राहिला.

शुभदाचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला एवढं भ्या वाटलं नसतं.

"मागावर ताणलेला टॉवेल कधी मापता का तुमी? खाली उतरला की आखडतो, हे नव्या पोरांना तुमीच शिकवता की. मग हितं ताणावरचंच मापून गाडी कशी ठरवली?"

पलीकडं शुभदाचं शिलाईमशीन सुरू झालं. मग मी जेवले.

हरलेला माणूस शेअरला शिव्या देतो, नाहीतर गेलेलं आणायला दुप्पट खेळतो. यशपालनं गाडी नको म्हणून सांगितलं आणि पुढचा पगाराचा हप्ता हातात पडला तसा घरी न येता आधी बँकेत गेला. तिथून महिन्याला थोडे पैसे म्युच्युअल फंडात जायचे, थोडे अडीनडीला वेगळे. बँक आधी, भाजीबाजार मागून. येताना मला तपकिरीची पुडी आणायचा. त्यातही शिस्त अशी, की तपकीर महागली तर पुडी लहान यायची, पैसे तेवढेच.

कुणी नवा शेअर सांगितला तर ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, पुढच्या हप्त्याला बघू. तोवर सांगणाराच तोंड लपवत फिरायचा, असं बऱ्याचदा झालं.

मग तो करोनाचा रोग आला. माग बंद पडले. टीव्हीवर बाजार कोसळल्याचं सांगायला लागले. गल्लीतल्या कल्लप्पानं आपला फंड मोडला आणि यशपालला दारातूनच बजावलं, आजच काढ, नाहीतर पोरीचं नर्सिंग विसर. यशपालचं घर वेगळ्या ठेवलेल्या पैशांवर चाललं होतं, म्हणजे काढायची नड नव्हती. पण माणूस नडीपेक्षा भीतीनंच जास्त घाण करतो.

दुपारी तो माझ्याकडं आला. मोबाईल पुढं केला.

"आजी, ह्यो तुमच्यापाशी ठेवा. ह्याच्यावरनंच फंड मोडता येतोय. सांजच्यापर्यंत मी मागितला तरी देऊ नका."

मी तो पिठाच्या डब्यात ठेवला. घटकाभरानं आलाच. भावाला फोन करायचाय म्हणाला. मी म्हटलं, भाऊ मागच्या गल्लीत राहतो, हाक मार. गेला. परत आला तेव्हा काही मागितलं नाही, उंबऱ्यावर बसला. मी चहा दिला.

कप तसाच धरून म्हणाला, "आजी, चढलं तवा मापलं, चुकलं. आता उतरलंय म्हणून मापत बसलो, तर ती बी तीच चूक न्हाय का?"

मला शेअरमधलं काय कळतंय? मी म्हटलं, चहा निवतोय.

सांजेला शुभदा येऊन मोबाईल पीठ झाडत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मोबाईल पुन्हा माझ्याकडं आला. त्या उन्हाळ्यात माझ्या पिठाच्या डब्याला बँकेपेक्षा मान होता.

बाजार पुढं उठला. यशपालला काही घबाड मिळालं नाही. पण प्रतिक्षाची फी भरायची वेळ आली तेव्हा त्यानं लागतील तेवढे काढले, आणि किती साठलेत ते त्या दिवशी मापलं. फी भरून थोडे मागं राहिले. आज ती नर्स आहे. माझं बीपी बघते आणि तपकिरीवरून मलाच दटावते.

गेल्या महिन्यात यशपाल कामावरून कायमचा सुटला. शुभदानं खीर केली होती, पाहुणे जमले होते. याचा पत्ता नाही. अंधार पडायच्या बेताला सायकल आली, हँडलला हार.

"पप्पा, आज तरी सरळ घरी यायचं की," प्रतिक्षा म्हणाली.

बँकेत गर्दी होती म्हणाला. सायकल भिंतीला लावली आणि आत जायच्या आधी माझ्या हातावर पुडी ठेवली. मागच्या वेळेपेक्षा लहान होती.