आई म्हणून की सासू म्हणून

ये गो, जवळ ये. रोज फोन त्या बरणीला टेकवून तू तिकडे भांडी घासतेस आणि मी इथे भिंतीशी बोलल्यासारखी बोलते. काल काय म्हणालीस? "आई, कॅनडात कसला दसरा! सोनं द्यायला कुणी मोठं माणूस तरी हवं ना." एवढी शिकलीस आणि एक म्हातारं माणूस शोधता येत नाही तुला? रागावत नाहीये मी. पण तू गेलीस त्या वर्षीची एक गोष्ट फोनवर कधी धड सांगताच आली नाही, मध्येच नेट जातं. म्हणून लिहून काढते. सावकाश वाच.

आपल्या कोलशेतच्या चाळीत मागच्या खोलीत नेपाळचं एक जोडपं भाड्याने आलं. तो बेकरीत, ती समोरच्या टॉवरमध्ये पोळ्या लाटायला. कडेवर वर्षाची मुलगी. कामाला चोख, पण कुणाशी बोलायची म्हणून नाही. नळावर बायका हसल्या तरी तिला वाटायचं, मलाच हसतात. नवरा एकदा मला म्हणाला, "आँटी, ही सारखी रडते. दसरा झाला की गाडीत बसवून दे म्हणते. परत नाही येणार म्हणते."

त्यात नवरात्र आलं. अष्टमीला सकाळी मी जिन्याखाली झाडत होते, तर तिथे एक उपडं घमेलं. उचललं तर खाली टोपलीत धान रुजलेलं, पण पिवळंफटक! म्हटलं, कुणा मेल्याने वर घमेलं घातलं? टोपली उचलून गच्चीवर उन्हात ठेवली, पाणी शिंपडलं. संध्याकाळपर्यंत काय सुरेख हिरवं झालं म्हणून सांगू! मागच्या खोलीतलीच टोपली असणार, म्हणून कौतुकाने तिला दाखवायला घेऊन गेले.

ती बघून मटकन खालीच बसली. "आँटी, ये क्या किया! हा अंधारातच ठेवायचा. पिवळा पाहिजे, पिवळा!"

मग रडता रडता सगळं बोलली. त्यांच्यात दसऱ्याला घरातलं मोठं माणूस धाकट्यांच्या कपाळाला दही, तांदूळ, कुंकू कालवून लावतं. त्याला टीका म्हणतात. आणि हे पिवळे तुरे डोक्यात खोवतं. "इथे माझं कोण आहे टीका करायला?"

मला आपली मराठी टीका माहीत. मी म्हटलं, "टीकेला काय तोटा? अगं, या चाळीत एकीपेक्षा एक बसल्यात!" तेवढ्यात बेकरीतून आलेल्या तिच्या नवऱ्याने समजावून सांगितलं तेव्हा नाक पुसता पुसता हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

माझ्या घटातलं धान होतंच, देवघराच्या कोपऱ्यात वाढलेलं, पिवळट. आपणही दसऱ्याला तेच खोवतो की. म्हटलं, "हे चालेल? टीका मी लावीन. तुझ्याहून म्हातारी आहे, एवढं तरी आहे ना?"

तिने विचार केला आणि विचारलं, "आई म्हणून की सासू म्हणून?"

"त्याने काय होतंय?"

"सासू असली तर मी पाया पडते. आई असली तर…" ती नवऱ्याकडे बघायला लागली. शेवटी नवऱ्याने सांगितलं. त्यांच्यात लेकीने आईच्या पाया पडायचं नसतं. आईच टीका लावते आणि लेकीच्या पायांवर डोकं टेकते. लेक देवीच्या जागी.

आता बघ, मी घरमालकीण. भाडेकरणीच्या पायांवर डोकं? नळावरच्या बायकांचे कान इकडेच. एक म्हणाली, "काकी, सासूच व्हा गो, गुडघे तरी वाचतील!"

मी म्हटलं, "आई म्हणून." तू जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

दसऱ्याला मी इतकी टीका थापली की तिच्या नाकावर ओघळली. बाळाने स्वतःच्या कपाळाची बोटाने काढून चाटली. मग मी वाकले. ती "नको, नको" काही म्हणाली नाही गो. ताठ उभी राहिली, माहेरी राहिली असती तशी. मला उठवायला मात्र दोघी लागल्या.

गाडीचं तिने परत काढलं नाही. मला खात्री पटली ती पुढच्या आठवड्यात, नळावर तिचा आवाज आला तेव्हा. "पहिला नंबर माझा आहे, हंडा उचल!" म्हटलं, भांडायला लागली, आता ही राहते.

आता त्यांनी शहाडला खोली घेतलीय. दर दसऱ्याला ती येते, लेकीला घेऊन. नातीचं मराठी तर तुझ्या मुलांपेक्षा बरं आहे, राग मानू नकोस.

तुझ्या मजल्यावर कोण ती फिलिपिन्सची आजी राहते म्हणालीस ना? जा तिच्याकडे. आपटा नसेल तर मिळेल ते पान घेऊन जा, विचारेल ती काय ते. दार वाजवायला तुला कुणाची परवानगी लागते?

आणि लवकर ये गो. या दसऱ्यालाच ये, ती आलेली असेल. दोघींना शेजारी शेजारी उभं करीन आणि एकदाच वाकेन. दोनदा आता होत नाही माझ्याच्याने.