दोन काठांवरून एकच बंधारा

मंडळी, हात इतके भरून आलेत की मोबाईल धरवत नाही, तरी सांगतेच.

विंझरजवळच्या आमच्या ओढ्यावर आज श्रमदानातून बंधारा घालायचा होता. वरची आळी पलीकडच्या काठावरून, आमची खालची आळी अलीकडून. आधी मध्यावर कोण पोचतंय, अशी चुरस लागली. मातीच्या गोण्या हातोहात सरकत होत्या. मान वर करून समोर कुणी बघितलंच नाही.

दुपारी मध्यावर आलो, तर दोन्ही भिंतींची गाठच पडेना! आमची भिंत प्रवाहाच्या चार पावलं खालच्या अंगाला, त्यांची वरच्या, आणि मधून पाणी निवांत चाललेलं.

"तुमी तुमच्या गोण्या काढा," वरची आळी म्हणाली.

"आमीच का म्हणून?"

उन्हात अर्धा तास नुसती हमरीतुमरी. मग आमच्या थोरल्या जाऊबाई पाण्यात उतरल्या आणि आमच्याच भिंतीची गोणी उपसायला लागल्या. म्हणाल्या, "भांडा की खुशाल. पन भांडता भांडता गोण्या उचला."

पुढची गोणी धरायला वरच्या आळीतलेच दोघं आले.

बंधारा अजून अर्धाच आहे. कंबर धरलीय. पण उद्या दोन्ही आळ्या एकाच काठावरून सुरुवात करणार आहोत.

तुमच्या गावात आपली गोणी आधी कोण काढतं?