भाकरीसारखा सिग्नल

आमच्या घरात पत्रकं पिठाच्या डब्यावरसुद्धा असायची. वडील ती लिहायचे, ताई गठ्ठे बांधायची आणि मी घड्या घालायची. अक्षरं जुळवून वाचायला लागले तेव्हा मी पहिले शब्द वाचले ते ‘जाहीर निषेध’. तेव्हापासून साधी निवड करायची वेळ आली, तरी मला आधी निषेध कुणाचा करायचा ते ठरवावं लागतं.

गावच्या वाचनालयात इंटरनेट आलं आणि ते वायरलेस करून घराघरात पोचवायचं ठरलं. तेव्हा अँटेना निवडायचं काम माझ्याकडं यायलाच नको होतं. पण ‘नेट कुणाच्या बापाचं?’ हे पत्रक मीच काढलं होतं, त्यामुळं आलं.

आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं आखलेलं. रस्ते रुंद, घरं सारखी, सगळं पट्टीनं ओढल्यागत. मात्र पट्टी ओढणाऱ्यांनी आमची गल्ली पुन्हा शेवटीच ठेवली. जमीन हलली, घरं पडली, क्रम तेवढा शाबूत राहिला. त्या गल्लीतल्या शेवटच्या घरातून ताईला सोमवारी व्हिडिओवर मुलाखत द्यायची होती. पुण्यातल्या एका दवाखान्यात नर्सची जागा होती. मागची मुलाखत तिनं रेंज मिळते म्हणून हायवेला उभं राहून दिली होती आणि तिच्या प्रत्येक उत्तराला ट्रकनं हॉर्न दिला होता. ती नोकरी गेली.

धाराशिवच्या दुकानदारानं मला दोन प्रकार दाखवले. एक उभा पांढरा दांडा, चहूकडं सिग्नल फेकणारा. दुसरी ताटाएवढी चपटी पेटी. तिचं तोंड जिकडं, सिग्नल तिकडं.

“उंचावर लावणार असाल तर पेट्या घ्या, मॅडम,” तो म्हणाला.

मी तिथंच भाषण दिलं. तोंड बघून देणारी माणसं गावात पुष्कळ आहेत, त्यात आणखी यंत्र कशाला? त्यानं गुपचूप दांडा बांधून दिला.

दांडा आम्ही पाण्याच्या टाकीवर, अगदी टोकाला बसवला. समता जितकी उंच तितकी बरी, असा माझा हिशेब. टाकीखाली नेट नाही. शाळेजवळ नाही. आमच्या गल्लीत तर नावच नको. संध्याकाळी शेळ्या घेऊन माळावरून उतरणारे एक काका खुशीत आले.

“पोरी, लई भारी काम केलंस! वर माळाला कीर्तन कसं खडाखडा दिसतंय.”

“आमच्या शेवटच्या घरात न्हाय, पण शेळ्यांना नेट हाय,” ताई म्हणाली. “तुझी समता चरायला गेली का गं?”

मग मला उमगलं. दांड्याचा सिग्नल चहूकडं जातो खरा, पण आडवा, भाकरीसारखा चपटा. ती भाकरी टाकीच्या उंचीवर तरंगत होती आणि गाव खाली उपाशी. दांडा वाकवून पाहिला, तर एका बाजूला सिग्नल जमिनीत आणि दुसऱ्या बाजूला आभाळात. पेटी मात्र खाली झुकवता येते. दुकानदारानं दांडा परत घेऊन दोन पेट्या दिल्या. हसला नाही, हे त्याचे उपकार.

एक पेटी शाळेकडं लावायची, कारण त्या बाजूला घरं जास्त. दुसरीवरून वाचनालयाच्या पायरीवर बैठक बसली. मी आधीच जाहीर केलं, “आमच्या गल्लीकडं नको. उद्या माझ्यावरच पत्रक निघेल.”

“काढू दे की,” ताई म्हणाली. “घड्या मी घालते.”

वडील खाली मान घालून हसत होते. तेवढ्यात शेजारचे आबा बोलले. दर जयंतीला मंडपाचे भोंगे तेच बांधतात.

“पयला भोंगा मी कुणीकडं बांधतो गं?”

“आमच्या गल्लीकडं.”

“का?”

“तिथल्या म्हाताऱ्यांना मंडपापर्यंत चालवत नाही, म्हणून.”

“मंग ह्या पेटीला काय येगळी शिंगं फुटल्यात व्हय?”

इतक्या वर्षांत त्या भोंग्याला कुणी पक्षपाती म्हटलं नव्हतं. मीही नाही. मी पेटी उचलली आणि टाकीकडं निघाले.

पेटी लागली, आणि ताईच्या खोलीत नेट आलं. पण टाकीवरची पकड दांड्याच्या मापाची. तिच्यात पेटी घट्ट बसेना. सोमवारी असा वारा सुटला की पेटी हेलकावे खायला लागली. नवी पकड अजून यायची होती. मग मुलाखतीच्या वेळी मीच टाकीवर चढले, कठड्याला पाठ टेकली आणि दोन्ही हातांनी पेटी धरून बसले. आपल्या घराकडं तोंड करायचं नाही म्हणणारी मी, तिचं तोंड आमच्याच घरावर रोखून!

“हलू नकोस गं!” खालून आबा ओरडत होते.

हात सुन्न झाले तेव्हा कुठं खिशातला फोन वाजला. ताईनं तो नेटवरूनच लावला होता. एका हातानं कसाबसा काढून कानाला लावला.

“झाली,” ताई म्हणाली. “आवाज एवढा साफ की त्यांना वाटलं, मी पुण्यातच आहे.”

“बरं, पण काय म्हणाले?”

“रुजू कधी होता, म्हणाले!”

मी आनंदानं दोन्ही हात वर केले. पेटी वाऱ्यानं गर्रकन फिरली, ताईचा आवाज तुटला आणि माळावरून काकांची खणखणीत हाक आली, “आलं गं, आलं! आता असंच राहू दे!”