संघटनेचा पाहुणा

घरातल्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांची आमची यवतमाळला संघटना आहे. तिचे सचिव कुणाकडेही गेले की आधी न्हाणीघराचा नळ सोडून बघतात, मगच चहा घेतात. मोठी लॉजेस झाल्यापासून सभासद गळत गेले. आता सातच उरलेत, आणि सातांपेक्षा कमी झाले तर संघटनेची नोंदणी टिकत नाही. आईनेही राजीनामा लिहिला, तेव्हा सचिव म्हणाले, "बाई, आठ दिवस थांबा. पाहुणा पाठवतो."

पाहुणा खरंच आला. चार दिवस राहिला, भाडं देऊन गेला. आईने राजीनामा फाडला.

काल मी सचिवांच्या घरी गेले, तर तोच पाहुणा ओट्यावर बनियनवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता.

"हा माझा साळा," सचिव जराही न लाजता म्हणाले. "आता घाटंजीले पाठवून राह्यलो याले. तिथले मेंबर बी सोडतो म्हणतात."

"भाऊजी, तिथं डास लय हायेत," साळा कुरकुरला. "मले या ताईच्याच घरी परत पाठवा ना."

मी घरी आले. आई त्या खोलीला नवे पडदे लावत होती.

"तो पाहुणा पुन्हा येईल का गं?"

"येईल," मी म्हणाले.