पुसलेला चेहरा

२००५च्या सुमारास मी सौंदडला शिक्षक होतो. शाळेच्या वाटेवर नवं बुद्धविहार बांधलं होतं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर पन्नाशीची एक बाई बुद्धाचं मोठं चित्र काढत होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पदर कमरेला खोचून ती शिडीवर चढायची आणि काहीही न आखता थेट ब्रश लावायची. मध्येच खाली उतरून रस्त्यापलीकडून बराच वेळ भिंतीकडे पाहत राहायची.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चित्र पूर्ण झालं. बघणारे सगळे खूश होते. तेवढ्यात तिने पांढऱ्या रंगाचा ब्रश उचलला आणि बुद्धाच्या चेहऱ्यावरून फिरवला.

विहार समितीचे म्हातारे अध्यक्ष ओरडले, "अवो बाई, काऊन पुसलं? चांगला तं होता!"

"चांगला होता जी, पन शांत नोहता. लोक काय म्हनतीन याचं भेव होतं माह्या हातात. तेच त्याच्या डोळ्यात उतरलं."

"आन् उद्या जमला नाही तं?"

"तं पुन्हा पुसीन. जमंपर्यंत काढीन."

तिच्या आवाजात जराही घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच गेलो. भोवती गर्दी होती, पण तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दहाच्या सुमारास तिने मिटत आलेल्या पापण्यांची शेवटची रेघ ओढली आणि ब्रश पाण्यात टाकला. कुणीतरी काही विचारायला लागलं, तसे अध्यक्ष बुद्धाच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता हळूच म्हणाले, "आता कोनी बोलू नोका."