अशाबीच्या फेट्याचं टोक

नायजेरियातल्या अबेओकुटात आज अशाबीची साठी. अंगणात तांबडा भात रटरटत होता आणि दिवाणखान्यात कापडाखाली झाकलेलं तिचं चित्र तिला सारखं खुणावत होतं. या भिंतीवर घरच्या सगळ्या सुनांची चित्रं होती, फक्त अशाबीचं नव्हतं. अकान्नीबरोबर पळून येऊन तिने संसार मांडला होता; ना मागणी, ना वऱ्हाड. थोरल्या वन्स ते विसरल्या नव्हत्या, कुणाला विसरूही देत नव्हत्या. "आधी चित्र बघीन, मग खिळा," त्यांनी बजावलं होतं.

चित्रकार कोलापोपुढे बसायला अशाबीला फुरसत कुठली! हात सदा निळीच्या रांजणात. स्वतः रंगवलेलं निळं वस्त्र नेसून, डोक्याला फेटा बांधून तिने मोबाइलवर आपणच आपला फोटो काढला आणि धाडून दिला.

कापड सरकलं. निळीची नक्षी अशी उतरली होती की अशाबीचा हात आपसूक पुढे गेला.

"अगं बाई! फेट्याचं टोक डावीकडे!" वन्स किंचाळल्या.

लग्न झालेलीचं टोक उजवीकडे, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. मोबाइलने आरशासारखी उलटी छबी दिली होती आणि कोलापोने ती जशीच्या तशी रंगवली होती.

"चित्रालासुद्धा खरं कळलं. कुमारिका या भिंतीवर लागत नसते," वन्सांनी सुनावलं.

"आत्ता बदलतो, आजी," कोलापो घाबरून म्हणाला.

"आणि ओला रंग टांगतोस?"

तेवढ्यात अकान्नी उठला. त्याने डोक्यावरची टोपी उजवीकडून डावीकडे कलती केली.

"ताई, ती कुमारिका, तर मीही बिनलग्नाचा. आज मागणी घालतो!"

आणि भरजरी झग्यासकट तो अशाबीच्या थोरल्या भावापुढे सपशेल पालथा पडला, नवरदेव पडतो तसा. घरभर हशा पिकला. अंगणातल्या ढोलवाल्यांनी लग्नाची चाल धरली.

"उठायचं नाही!" भाऊ गरजला. "मुलगा करतो काय?"

"गुडघे दुखवतो, दादा! लवकर हो म्हणा!"

"मुलाकडचं मोठं माणूस कोण? त्यांनी मागितल्याशिवाय आम्ही मुलगी देत नाही."

सगळ्यांच्या नजरा वन्सांकडे वळल्या. ढोलसुद्धा थांबला. वन्सांनी एकदा पालथ्या अकान्नीच्या पाठीकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. मग कण्हत त्या गुडघ्यांवर टेकल्या.

"द्या हो तुमची अशाबी आमच्या घरी."

"दिली!"

कोलापोने कुंचला उचललेला पाहून अशाबी धावली. "हात लावू नकोस! ते आधीचं चित्र आहे. तेव्हा माझं लग्न कुठे झालं होतं?"

"मला उठवा आधी," वन्स गुडघे चोळत म्हणाल्या, "आणि हातोडी आणा."